भुताला आधी स्वभाव द्या, प्राण नंतर: राक्षस-शिकारीचा बोर्ड गेम घरी घडवताना

माझ्या पहिल्या राक्षसाला ४० प्राण होते. आम्ही चौघं सतरंजीवर बसलो, फासे टाकत गेलो आणि दीड तासाने तो मेला. त्या दीड तासात त्याने एकच गोष्ट केली. जवळच्या माणसाला ३ प्राणांचा फटका मारला, मग पुन्हा ३चा, मग पुन्हा ३चा. दहा वर्षांचा भाचा तिसऱ्याच फेरीत म्हणाला, "मामा, हे भूत काही करतच नाही का?"

पुढची दोन वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवली. सगळ्यांनी मिळून भुताशी झुंजायचं, आणि भूत, माणसं, सामान, गाव हे सगळं दर वेळी वेगळं जुळवता यावं, असा खेळ कसा रचायचा ते इथे पायरी-पायरीने लिहितो. आकडे माझ्या खेळातले आहेत. तुमचे वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

एक वाक्य, एक घड्याळ

नियम लिहिण्याआधी खेळ एका वाक्यात लिहून भिंतीला चिकटवा. माझं वाक्य असं होतं: "पावसाळ्यातली एक रात्र, कोकणातलं एक गाव, दोन ते चार भिडू, आणि कोंबडा आरवायच्या आत भुताचा बंदोबस्त." नव्या कल्पना रोज सुचतात. त्यातल्या निम्म्या या वाक्यात बसत नाहीत म्हणून आपोआप गळतात. माझ्याकडे एकदा बाजारहाट, शेती आणि लग्नकार्यसुद्धा खेळात शिरलं होतं.

वाक्यातून घड्याळ निघतं. रात्रीचे प्रहर ४. प्रत्येक प्रहराच्या २ फेऱ्या धरल्या तर रात्र ८ फेऱ्यांची होते. प्रत्येक फेरीत भूत दोनदा हलतं, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. चार भिडूंच्या ३२ पाळ्या, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे ४८ मिनिटं. भुताच्या १६ हालचाली पाऊण मिनिटाच्या, म्हणजे १२. एकूण एक तास. हे गणित कागदावर तीन तास दाखवत असेल तर प्रत्यक्षात पाच तास लागतील, आणि तो खेळ घरात दुसऱ्यांदा कुणी उघडणार नाही.

भुताचा स्वभाव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

परदेशी खेळांत राक्षस चालवण्याची एक चांगली युक्ती रुळली आहे: राक्षसाला स्वतःची पत्त्यांची गड्डी असते. त्याची पाळी आली की वरचा पत्ता उलटायचा आणि पत्ता सांगेल ते करायचं. 'किंगडम डेथ: मॉन्स्टर' या खेळात तर राक्षसाची गड्डी हेच त्याचे प्राण असतात. जखम झाली की गड्डीतला पत्ता बाद होतो. मी हीच युक्ती घेतली आणि बाद पत्त्यांच्या ढिगाला 'उतारा' म्हणू लागलो. उताऱ्यातले पत्ते सुलटे ठेवतो, म्हणजे भुताकडे आता काय उरलं नाही ते सगळ्यांना दिसतं. जखमी भूत ओळखीचं होत जातं, आणि ती ओळख हेच भिडूंचं खरं हत्यार.

प्रत्येक पत्त्यावर तीनच ओळी लिहा: कुणाकडे, कसं, काय. "कुणाकडे" या ओळीत बरोबरीचा निकाल हवाच. "सर्वात जवळच्या भिडूकडे" एवढंच लिहिलंत तर पहिल्याच डावात दोघं सारख्या अंतरावर उभे राहतील आणि वाद सुरू होईल. माझ्या पत्त्यावर असं आहे: सर्वात जवळचा, बरोबरी झाल्यास ज्याच्याकडे उजेड कमी तो, तरीही बरोबरी झाल्यास भिडूंनी ठरवावं. ही शेवटची ओळ महत्त्वाची. कुणाला भुताच्या तोंडी द्यायचं यावर जी चर्चा रंगते, तिच्यासाठीच माणसं पुन्हा खेळायला येतात.

आता भुतं कुठून आणायची? ड्रॅगन आणि ट्रोल उसने घ्यायला हरकत नाही, पण त्यांचे स्वभाव दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेत. आपल्याकडे तयार माल पडून आहे. १९०९ साली नाशिकात ज्यांचा वध झाला त्या कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींची टिपणं गोळा करवली होती. एंथोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांवरून १९१५मध्ये कोकणचा भाग छापला. त्यात भुतांची जात, ठिकाण, खोड आणि तोड अगदी सरकारी शिस्तीने मांडली आहे. वाचताना मला ते नियमपुस्तकच वाटलं. आजीकडून ऐकलेलं त्याच्या शेजारी ठेवा, काम सुरू होतं.

मी पाच भुतं निवडली, आणि प्रत्येकाला खेळाचा एकेक नियमच आंदण दिला.

*चकवा* वाट चुकवतो, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. म्हणून चकव्याचे पत्ते कुणालाही मारत नाहीत, पटाचा तुकडाच भिडूंसकट पाव वळण फिरवतात. चकवा लागला की एका जागी बसून राहावं, असं जुनी माणसं सांगतात. त्यावरून नियम केला: या पाळीत जो हलला नाही त्यालाच चकव्यावर फासे टाकता येतात. या एका ओळीने पूर्ण डाव उलटा झाला. इतर भुतांपुढे पळणारे भिडू चकव्यापुढे दात-ओठ खात बसून राहतात.

*गिऱ्हा* पाण्यातला. त्याचे केस हाती लागले की तो ताब्यात येतो, परत मिळाले की उलटतो, असं सांगतात. खेळात 'केस' हा सामानाचा पत्ता आहे. ज्याच्याकडे केस, त्याच्याकडे गिऱ्हा येतो पण मारत नाही, केस मागतो. द्यायचे, की पाण्यापासून दूर पळायचं? *मुंजा* पिंपळाचा. झाडाच्या घरातून झाडाच्या घरात उडी घेतो, मधलं अंतर मोजत नाही. *समंध* मालमत्तेत जीव अडकलेला, म्हणून ज्याच्या पाठीवर ओझं जास्त त्याच्या मागे लागतो. *हडळीचे* पाय उलटे. तिच्या पत्त्यावर पावलांची खूण असते, आणि ती खुणेच्या बरोबर उलट दिशेला जाते. अनुभवी माणसंही घाईत फसतात, आणि फसल्यावर जो आरडाओरडा होतो तो फाशांच्या कुठल्याही दानाने होत नाही.

भुताची पुढची चाल अर्धवट कळली पाहिजे. अजिबात कळली नाही तर भिडू नुसते नशिबावर बसतात, आणि पूर्ण कळली तर बसून हिशेब करतात. म्हणून पत्त्याच्या पाठीवर 'चाहूल' छापा: पाणी, झाड, उजेड, ओझं यांपैकी एक खूण. गड्डीच्या वरच्या पत्त्याची पाठ सगळ्यांना दिसते. भूत झाडाशी काहीतरी करणार एवढं कळतं, काय करणार ते नाही.

अर्ध्या जखमा झाल्या की भूत चवताळतं. इथे 'पॅन्डेमिक' (२००८) या सहकारी खेळातली एक चाल उपयोगी पडली. तिथे रोगाची लाट आली की आधी निघालेले पत्ते पिसून गड्डीच्या वर ठेवतात, म्हणजे ज्या शहरांना आत्ताच झळ बसली तीच पुन्हा सापडतात. मी भुताचे वापरलेले पत्ते दोन नव्या 'चवताळलेल्या' पत्त्यांसह पिसून वर ठेवतो. भिडूंना नुकत्याच पाहिलेल्या चाली पुन्हा येणार हे माहीत असतं, पण त्यांत काहीतरी वाईट मिसळलेलं असतं.

दान किती पडेल

आता फासे. साधे सहा बाजूंचे घ्या, ५ किंवा ६ पडलं की यश. एका फाशावर यशाची शक्यता १/३. निदान एक यश मिळण्याची शक्यता २ फाशांत ५६ टक्के, ३ फाशांत ७०, ४ फाशांत ८०. निदान दोन यशं हवी असतील तर ३ फाशांत २६ टक्के, ४ फाशांत ४१, ५ फाशांत ५४ आणि ६ फाशांत ६५. हे आकडे तोंडपाठ करा. खेळ घडवताना आपण सतत याच शिडीवर वरखाली करत असतो.

समजा जखमेला दोन यशं लागतात. ३२ पाळ्यांपैकी निम्म्या चालण्यात, सामान उचलण्यात, पळण्यात जातात असं धरा. म्हणजे हल्ले १६. तीनच फासे असतील तर सरासरी ४ जखमा होतील, चार असतील तर साडेसहा, पाच असतील तर साडेआठ. गड्डी ८ पत्त्यांची आहे आणि बंदोबस्ताला ८ जखमा लागतात. मग ३ फाशांनी जिंकणं जवळपास अशक्य, ४ फाशांनी दहा डावांत साधारण तीन, ५ फाशांनी दहात सात. म्हणजे सुरुवातीला भिडूला ३ फासे द्यायचे, आणि सामान, जागा नि एकमेकांची मदत यांतून ४-५पर्यंत पोचायची सोय ठेवायची. हा हिशेब मी केलाच नव्हता म्हणून माझ्या पहिल्या राक्षसाला ४० प्राण मिळाले.

भिडू कमी असतील तर? पाळ्या त्या प्रमाणात घटतात. त्यामुळे गड्डी ८चीच ठेवून उताऱ्यात भिडूंच्या दुप्पट पत्ते पडले की बंदोबस्त झाला, असं धरा: दोघांना ४, तिघांना ६, चौघांना ८. भुताचा स्वभाव शाबूत राहतो आणि हिशेबही जमतो.

कवड्या वापरायचा मोह मला फार झाला होता, सारीपाटाची आठवण म्हणून. कवड्या दिसायला सुंदर, पण उताणी-पालथी पडायची शक्यता प्रत्येक कवडीची निराळी. वापरायच्याच असतील तर तुमच्याच कवड्या २०० वेळा टाकून नोंद करा आणि मग शिडी मांडा. फासे नकोच असतील तर पत्त्यांचा मार्ग आहे. 'ग्लूमहेवन' (२०१७) या खेळात प्रत्येक भिडूकडे २० पत्त्यांची गड्डी असते. त्यात एक पत्ता वार दुप्पट करतो, एक पूर्ण फुकट घालवतो, आणि खेळता खेळता ही गड्डी सुधारता येते. कल्पना उत्तम आहे, पण पहिल्याच खेळाला एवढ्या गड्ड्या पिसत बसू नका.

जुळवाजुळव: आकडा नको, वेगळी कळ हवी

दर वेळी वेगळं जुळवता येणाऱ्या खेळाची सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे अधिक-एक. साधा कोयता +१, धार लावलेला कोयता +२, मंतरलेला कोयता +३. पत्ते तीन दिसतात, निवड शून्य. जो मोठा तो घ्यायचा.

यावर उपाय असा. खेळात ज्या ज्या गोष्टींना हात लावता येतो त्यांची यादी करा. माझ्या खेळात सहा कळा आहेत: चाल (एका पाळीत ३ घरं), उजेड, फासे, ओझं, भुताच्या गड्डीत डोकावणं, आणि बोलणं. (बोलण्याचं पुढे येईल.) आता नियम करा की प्रत्येक पत्ता एक कळ दाबेल आणि दुसरीकडे किंमत मोजायला लावेल.

सामान घ्या. प्रत्येक भिडू ४ ओझं वाहू शकतो. *पेट्रोमॅक्सचं* ओझं २, उजेड दोन घरांपर्यंत, पण हातात असताना एक फासा कमी. *चूड* म्हणजे झावळांची मशाल: ओझं १, उजेड स्वतःचं घर आणि शेजारचं, दोन फेऱ्यांत विझते आणि पाऊस आला की लगेच. *इरलं*: ओझं १, पाऊस लागत नाही, पण मागून आलेलं भूत दिसत नाही. *घुंगुरकाठी*: ओझं १, भूत शेजारच्या घरात यायच्या आधी एक घर थांबतं, पण काठीच्या आवाजाने ते नेहमी तुमच्याच दिशेने निघतं. *नारळ*: ओझं १, एकदाच वापरायचा, भुताचा वरचा पत्ता न करताच टाकून द्यायचा. असे १४ पत्ते पुरतात. एकही दुसऱ्यापेक्षा सरळसरळ चांगला नाही.

भिडू दोन पत्त्यांनी बनतो: धंदा आणि स्वभाव. खारवी पाण्याच्या घरात फुकट चालतो. गुराख्याला वाटा माहीत, तो फरशी (पटाचा तुकडा) फिरली तरी हवं तिकडे तोंड करतो. सुईण जखमी भिडूला उठवते. दशावतारी नट एकदा भुताला दुसरंच कुणीतरी असल्याचं भासवतो. शिवाय पोस्टमन आणि शाळामास्तर. धंदे ६, स्वभाव ६ (घाबरट, हट्टी, विसराळू, बोलका, एकलकोंडा, उतावळा), म्हणजे भिडू ३६ तऱ्हेचे. घाबरट सुईण आणि हट्टी सुईण खरोखर वेगळ्या खेळतात. स्वभाव म्हणून सद्गुण देऊ नका. शूर भिडू पाहायला काही मजा नाही, घाबरट भिडू वेळेवर शूर झाला तर मजा.

भुतालाही असंच जुळवा: मूळ गड्डी आणि त्यावर २ 'खोडी'. हाक मारणारं, उजेडाला न भिणारं, पाठ न सोडणारं, दोन ठिकाणी दिसणारं, सामान पळवणारं, झोपमोड झालेलं, या सहा खोडींतून दोन निवडायच्या १५ रीती आहेत. पाच भुतं धरली तर ७५ शिकारी. हा आकडा डब्यावर छापायला बरा दिसतो, पण त्याच्यावर भाळू नका. ७५पैकी काही जोड्या अगदी मरणप्राय निघतील. प्रत्येक खोडीला १ ते ३ गुण द्या, आणि दोन खोडींची बेरीज नव्या भिडूंसाठी ३, मुरलेल्यांसाठी ५ अशी बांधून घ्या. म्हणजे अवघडपणा भिडू स्वतःच ठरवतात.

मग एक कंटाळवाणं पण अटळ काम: वहीत चौकटी आखा, आडवे सगळे पत्ते, उभे सगळे पत्ते, आणि प्रत्येक जोडीला विचारा, "हे दोन एकत्र आले तर काय होईल?" माझ्या वहीत असं निघालं की पोस्टमन आपलं सामान दूरच्या भिडूला देतो, बोलका भिडू सामान मिळताच एक जादा पाळी घेतो, आणि दोघं मिळून नारळ फिरवत बसले तर रात्र कधी संपतच नाही. इलाज चार शब्दांचा: "प्रत्येक पत्ता फेरीत एकदाच." हा नियम पहिल्या दिवशीच घाला, अर्धी भोकं बुजतात.

पट

पट बदलता यावा म्हणून मी ९ चौकोनी फरश्या केल्या, १२ सेंमीच्या. तीन बाय तीन मांडल्या की ३६ सेंमीचा पट होतो, चहाचे कप ठेवायला जागा उरते. प्रत्येक फरशीवर ४ घरं. गडगा, कुंपण, चढ हे अडथळे फरशीच्या आतच ठेवा, कडेवर नको. मग फरशी कशीही फिरली तरी शेजारणीशी जुळते, आणि चकव्याला मोकळं रान मिळतं. वहाळ, विहीर, देवराई, पाणंद, खळं, मळा, पिंपळाचा पार, होडीचा धक्का, आणि एक साधी वाडी. प्रत्येक फरशी निदान एका भुताच्या कामाची असावी. जी कुणाच्याच कामाची नाही ती शोभेची, काढून टाका.

कुणाची शिकार करू नये

हे लिहायला मला वेळ लागला, कारण पहिल्या मांडणीत माझ्याकडे वेताळ हाच सर्वात मोठा राक्षस होता. मग सिंधुदुर्गातल्या आत्याने पत्ता हातात घेतला, पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला. वेताळ कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवता आहे. गोव्यातल्या लोलये गावात त्याची उभी मूर्ती आहे. देवचार वेशीचा राखणदार, लोक त्याला आजही नारळ देतात. यांना मारायचं लक्ष्य करणं म्हणजे शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर फासे टाकणं. आता वेताळ माझ्या खेळात घड्याळ आहे: प्रहर बदलला की त्याची पालखी एका कडेने जाते, आणि तिच्या वाटेत भूत असो की भिडू, दोघंही बाजूला होतात. खेळ त्याने सुधारलाच.

दुसरी गोष्ट जुन्या वर्णनांची. तिथे बऱ्याच भुतांना जात किंवा धर्म चिकटवलेला आहे. ते सगळं काढून टाका, भुताला ठिकाण आणि खोड पुरते. तिसरी, चेटकीण म्हणून गावातल्या जिवंत बाईचा पत्ता करू नका. त्या संशयाने खऱ्या बायकांचे जीव गेलेत, आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीही करावा लागला. हडळ बाळंतपणात गेलेली बाई असं सांगतात. म्हणून तिचा बंदोबस्त माझ्या खेळात दोन तऱ्हांनी होतो, जखमांनी किंवा सुईणीने तिच्या घरात सलग दोन पाळ्या थांबून. दुसरी रीत अवघड आहे, पण बहुतेक भिडू तीच निवडतात.

एकाचीच सत्ता मोडायची

सहकारी खेळांचा जुना रोग: घरातला एक हुशार माणूस सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. "तू तिकडे जा, तू हे उचल." बाकीचे सोंगट्या सरकवणारे हमाल.

माझा इलाज अंधारातून आला. रात्री कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. नियम असा: जो भिडू उजेडाबाहेर आहे त्याने बोलायचं नाही आणि त्याच्याशीही कुणी बोलायचं नाही. "हाक मारणारं" ही खोड असेल तर भुताच्या पाळीला एक भिडू दुसऱ्याला नावाने हाक मारतो, आणि अंधारातल्या माणसाने ओ दिली तर भूत थेट त्याच्या घरात. लोक ओ देतात. सवयच असते. आमच्याकडे एकदा स्वयंपाकघरातून बहिणीने खरीखुरी हाक मारली होती आणि तिच्या नवऱ्याने ओ दिली. तो नियमात बसतो की नाही यावर अर्धा तास गेला. (बसतो.)

पहिला नमुना

चित्रं काढू नका. खरंच नका. चित्र काढलेला पत्ता फाडवत नाही, आणि पहिले दोन महिने फाडायचेच असतात. कागदाच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा, जुन्या कॅटमधल्या एकेका पत्त्यावर ठेवून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवा. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं.

खेळ स्थिरावला की संगणकावर या. नेहमीचा पत्ता ६३ बाय ८८ मिमीचा, ए-फोर कागदावर बरोबर ९ बसतात. माझा हिशेब: भुतांचे ४०, चवताळलेले १०, खोडी ६, धंदे ६, स्वभाव ६, सामान १४, कोरे ८. एकूण ९०, म्हणजे १० कागद. मजकूर एका तक्त्यात ठेवा आणि 'नॅनडेक'सारख्या फुकट प्रोग्रॅमने पत्ते ओतून घ्या. एक शब्द बदलला तर ९० पत्ते पुन्हा जुळवत बसावं लागत नाही.

देवनागरीची एक वेगळी अडचण आहे. इंग्रजी पत्त्यांवर चालतो तेवढा बारीक मजकूर आपल्याला चालत नाही, जोडाक्षरं बुजतात, वेलांट्या नि उकार वरच्या-खालच्या ओळींना टेकतात. 'मुक्त'सारखा मोकळा फाँट घ्या, आकार ९ पॉइंटच्या खाली नको, ओळींमध्ये जास्तीची हवा सोडा. मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान न करता वाक्य लहान करा. आणि एका गोष्टीला एकच शब्द: एका पत्त्यावर 'हल्ला', दुसऱ्यावर 'वार', तिसऱ्यावर 'घाव' असं लिहिलंत तर लोकांना ते तीन वेगळे नियम वाटतील. शाळेत निबंधात शब्द पुन्हा वापरला की गुण जायचे, इथे पुन्हा न वापरला की जातात.

छपाईला ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) कार्ड, फरश्यांना कप्पा बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागदाचा माल हात लावून पाहता येतो, आणि तो पाहूनच घ्यावा. एका छापखान्यात मी कापायच्या खुणा न देता फाइल दिली होती. ९० पत्ते आले, सगळे दोन-दोन मिलिमीटर इकडेतिकडे, म्हणजे पाठीवरूनच कुठला पत्ता ते ओळखू येत होतं. चूक माझीच. चारही बाजूंनी ३ मिमी जास्तीचा रंग सोडा, आणि आधी एकच कागद छापून घ्या.

चाचणीचे डाव

आधी एकट्याने चारही भिडू खेळा, नियमांतली भोकं तिथेच दिसतात. मग घरचे. घरचे खोटं बोलतात, "छान आहे" म्हणतात. त्यांना मत विचारू नका. फोन कधी हातात घेतला, कधी पुढे झुकले, कुठे "आता माझं काय?" विचारलं, हे वेळेसकट वहीत टिपा. डाव संपल्यावर एकच प्रश्न: "आत्ता काय झालं ते मला गोष्टीसारखं सांगा." गोष्टीत भुताचं नाव आलं तर जमलं. "मला दोन ६ पडले" एवढंच आलं तर पुन्हा स्वभावाकडे वळा.

दोन डावांमध्ये एकच बदल करा. मी एकदा उजेड, ओझं आणि गड्डी तिन्ही बदललं. खेळ बिघडला आणि कशाने ते आजही सांगता येणार नाही.

शेवटची चाचणी सर्वात जीवघेणी. अनोळखी चौघांना डबा द्या, कोपऱ्यात बसा, तोंड उघडू नका. ते नियम चुकीचे वाचतील, हडळ सरळ चालवतील, आणि तुम्ही ओठ चावत बसाल. जिथे जिथे चुकले ती ओळ तुमची चुकली आहे. माझं नियमपत्रक २२ पानांवरून ८वर आलं ते अशा तीन संध्याकाळींमुळे. आता पहिल्या पानावर मांडणीचं चित्र, दुसऱ्यावर एक पूर्ण फेरी संवादासकट, आणि बाकीचं ज्या क्रमाने खेळात समोर येतं त्या क्रमाने.

कायद्याचं थोडक्यात

भारताच्या पेटंट कायद्याच्या (१९७०) कलम ३ प्रमाणे खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही. त्यामुळे गड्डीने राक्षस चालवण्याची कल्पना तुम्ही मोकळेपणाने घ्या, आणि उद्या तुमची कुणी घेतली तर रडू नका. नियमपत्रकाची वाक्यं, चित्रं आणि मांडणी यांवर लेखनहक्क (कॉपीराइट) असतो. खेळाचं नाव ही वेगळी बाब, विकायचा विचार असेल तर ट्रेडमार्कची नोंद आधी तपासून घ्या. दुसऱ्याच्या खेळातलं चित्र "तात्पुरतं" म्हणून लावू नका, तात्पुरतं छापखान्यापर्यंत पोचतं.

कोरे पत्ते

डब्यात ८ कोरे पत्ते आणि एक पेन्सिल ठेवा, सोबत एक छोटा तक्ता: खोडीला किती गुण, सामानाला किती ओझं, भुताच्या पत्त्यावरच्या तीन ओळी. भिडूंनी स्वतःचं भूत त्याच मापात लिहावं. भाच्याने मागच्या गणपतीत एक लिहिलं. त्याचं नाव 'रुसकं'. कुणाकडे: जो भिडू त्याच्याकडे पाहत नाही त्याच्याकडे. कसं: एक घर, हळूच. काय: काही नाही, शेजारी बसतं. तीन फेऱ्या बसून राहिलं की त्या भिडूला ते सोडतच नाही, आणि त्याचं ओझं ३. आम्ही ते दोनदा खेळलो आणि दोन्ही वेळा हरलो. ओझं २ करून पाहायचं आहे.